आरएनएला हवं, पडद्याला नको: शॉस्टॅक प्रयोगशाळेतलं मॅग्नेशियमचं प्रकरण

एन्झाइमच्या मदतीशिवाय आरएनएच्या साच्यावर नवी साखळी उतरवायची तर द्रावणात साधारण ५० मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) मॅग्नेशियम लागतं, कधी त्याहूनही जास्त. साध्या मेदाम्लाच्या पुटिका, म्हणजे पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या, मात्र दोन-चार मिलिमोलरलाच हार खातात. आतला माल गळतो आणि थोड्या वेळाने नळीच्या तळाशी पांढरा साका बसतो. पहिली पेशी म्हणजे मेदाम्लाच्या पडद्याआड स्वतःच्या नकला काढणारा आरएनए, असं मानणाऱ्यांपुढे हा पेच उभा होता: एकाला जे हवं तेच दुसऱ्याला मारतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जॅक शॉस्टॅक यांच्या प्रयोगशाळेत तो काही वर्षं अडून राहिला. २०१३ साली जो तोडगा निघाला तो लिंबूसत्त्वाचा, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या क्षाराचा होता. तोडगा अर्धवट आहे, आणि तो अर्धवट का आहे हे पाहण्यासारखं आहे.

यीस्टचा माणूस इकडे कसा आला

शॉस्टॅक १९५२ साली लंडनमध्ये जन्मले आणि कॅनडात वाढले. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातून वयाच्या १९ व्या वर्षी पदवी, मग कॉर्नेलला रे वू यांच्याकडे पीएच.डी., आणि १९७९ पासून हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये स्वतःची प्रयोगशाळा. विषय होता यीस्टची आनुवंशिकी.

१९८० साली एका परिषदेत एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या डीएनएच्या टोकांवर असलेल्या पुनरावृत्त क्रमांबद्दल सांगितलं. यीस्टमध्ये सोडलेला सरळ डीएनए टिकत नाही, तो तुटतो किंवा दुसऱ्या डीएनएत मिसळतो, हे शॉस्टॅक यांना त्यांच्या कामातून ठाऊक होतं. दोघांनी मिळून टेट्राहायमेनाची टोकं यीस्टच्या सरळ केलेल्या प्लाझ्मिडला (डीएनएच्या छोट्या वर्तुळाला) जोडली, आणि तो डीएनए यीस्टमध्ये सरळच टिकून राहिला. उत्क्रांतीच्या झाडावर एकमेकांपासून इतके लांब असलेले दोन जीव, तरी एकाची टोकं दुसऱ्याकडे चालली. हे काम १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी अँड्र्यू मरे यांच्यासोबत त्यांनी सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र जिथे पकडलं जातं तो भाग), प्रतिकरणाचा, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याचा, आरंभबिंदू आणि टेलोमिअर (गुणसूत्राचं टोक) एकत्र जोडून कृत्रिम गुणसूत्र बनवलं. सगळे भाग हजर असूनही लहान गुणसूत्रं पेशीविभाजनात नीट वाटली जात नव्हती. लांबी सुमारे ५५ हजार बेस-जोड्यांपर्यंत नेल्यावर वाटणी बरीच सुधारली.

या प्रकरणापुरती यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामाची रीत. एखादी रचना कळली आहे का, हे सुटे भाग जोडून पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि भाग जोडल्यावर जे बिघडतं तिथून पुढचं काम सुरू होतं.

टेलोमिअरच्या कामासाठी ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांच्याबरोबर त्यांना २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तोवर त्यांच्या प्रयोगशाळेतून टेलोमिअर कधीच हद्दपार झाला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ते आरएनएकडे वळले होते, कारण आरएनए रासायनिक क्रिया घडवू शकतो हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. १९९० मध्ये अँड्र्यू एलिंग्टन यांच्यासोबत त्यांनी यादृच्छिक क्रमांच्या प्रचंड साठ्यातून विशिष्ट रंगद्रव्याला चिकटणारे आरएनए वेचून काढले. साधारण १० अब्ज रेणूंमागे एक असा त्यांचा हिशेब निघाला. १९९३ मध्ये डेव्हिड बार्टेल यांच्यासोबत अशाच साठ्यातून आरएनएचे दोन तुकडे जोडणारे राइबोझाइम, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणारे आरएनए, मिळाले. वेचायचं, वाढवायचं, पुन्हा वेचायचं, ही यीस्टच्या वसाहतींवर चालणारी पद्धत आता नळीतल्या रेणूंवर चालू लागली.

नळीत मात्र निवड करणारा माणूस असतो. आदिम पृथ्वीवर कोण निवडणार? चांगला राइबोझाइम उघड्या पाण्यात असेल तर त्याच्या कामाचा फायदा शेजारच्या निरुपयोगी रेणूंनाही तितकाच मिळतो. फायदा ज्याचा त्याला मिळायचा तर भोवती कुंपण लागतं. २००१ मध्ये शॉस्टॅक, बार्टेल आणि पिएर लुइजी लुइसी यांनी हा आराखडा मांडला: नकला काढणारा रेणू आणि स्वतःहून वाढून दुभंगणारी पुटिका, दोन्ही मिळून एक आद्यपेशी. पुढची दहाबारा वर्षं त्या आराखड्यातच गेली.

पडद्याची बाजू

मेदाम्लं निवडण्यामागे कारण होतं. आजच्या पेशींचा फॉस्फोलिपिडचा पडदा पक्का असतो, पण आयन आणि न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीचे सुटे मणी) आत घेण्यासाठी त्याला प्रथिनांची दारं लागतात. मेदाम्लाचे रेणू पडद्यात सतत ये-जा करतात, एका थरातून दुसऱ्यात पलटी खातात, त्यामुळे पडदा गळका असतो. आद्यपेशीला अन्न बाहेरूनच घ्यायचं असल्याने हा गळकेपणा इथे सोयीचा ठरतो.

पुटिका करायची कृती अवघड नाही, पण चुकायला जागा बऱ्याच आहेत. ओलेइक आम्ल पाण्यावर तेलासारखं तरंगतं. त्यात जवळपास तितक्याच मोलचं सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १० च्या वर नेला की ते मायसेलच्या, म्हणजे रेणूंच्या छोट्या गोळ्यांच्या, रूपात विरघळतं आणि द्रावण नितळ होतं. हे द्रावण सामू ८.५ च्या ०.२ मोलर बायसिन बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सोडायचं. तिथे रेणूंचा मोठा हिस्सा प्रोटॉन घेतो, प्रोटॉन असलेला आणि नसलेला रेणू हायड्रोजन बंधाने जोडी करतात आणि द्विस्तर, म्हणजे दोन थरांचा पडदा, उभा राहतो. द्रावण निळसर-दुधी झालं की पुटिका झाल्या. बफर कमजोर असेल तर मायसेलमधला अल्कली सामू वर ढकलतो आणि सगळं मायसेलच राहतं. उलट सामू ७ च्या आसपास घसरला तर तेलाचे थेंब सुटतात.

रात्रभर हलवत ठेवल्यावर आकार एकसारखे करण्यासाठी द्रावण १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून दोन सिरिंजांमध्ये मागेपुढे दाबतात. साधारणपणे ११ वेळा. संख्या विषम ठेवतात, म्हणजे शेवटी माल दुसऱ्या सिरिंजमध्ये जातो आणि गाळणीतून न गेलेला भरड भाग पहिलीत मागे राहतो.

आत न अडकलेला आरएनए वेगळा करायला सेफारोजचा स्तंभ (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या मण्यांनी भरलेली नळी) वापरतात, आणि नवशिक्याचा घात इथेच होतो. मेदाम्लाच्या पुटिका ठरावीक सांद्रतेच्या वरच अस्तित्वात राहतात. ओलेइक आम्लासाठी ही मर्यादा बरीच खाली आहे, १४ कार्बनच्या मिरिस्टोलेइक आम्लासाठी काही मिलिमोलर, आणि १० कार्बनच्या डेकॅनोइक आम्लासाठी त्याच्याही कितीतरी वर. स्तंभ नुसत्या बफरने धुतला तर पुटिका वाटेतच विरघळतात आणि हाती रिकामं द्रावण येतं. म्हणून धुण्याच्या बफरमध्येही तेच मेदाम्ल मर्यादेच्या वर घालून ठेवावं लागतं.

२००३ मध्ये मार्टिन हांचिक, शेली फुजिकावा आणि शॉस्टॅक यांनी दाखवलं की मॉन्टमोरिलोनाइट ही माती मायसेलपासून पुटिका बनण्याचा वेग सुमारे १०० पटींनी वाढवते, आणि मातीच्या कणांवर चिकटलेला आरएनए पुटिकेच्या आत सापडतो. २००९ मध्ये टिंग झू यांच्या प्रयोगात अनेक थरांच्या मोठ्या पुटिकांना मायसेल भरवल्यावर त्या धाग्यासारख्या लांबल्या आणि पाणी हलकं ढवळताच तुटून अनेक झाल्या. वाढ आणि विभाजन, दोन्ही प्रथिनांविना.

या सगळ्यांत आनुवंशिकीच्या माणसाचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो २००४ च्या प्रयोगात. आयरीन चेन, रिचर्ड रॉबर्ट्स आणि शॉस्टॅक यांनी आरएनए भरलेल्या आणि रिकाम्या पुटिका एकत्र ठेवल्या. आरएनएमुळे (खरं तर त्याच्यासोबतच्या आयनांमुळे) आत परासरण दाब वाढतो, पडदा ताणला जातो, आणि ताणलेला पडदा शेजारच्या सैल पुटिकांकडून मेदाम्लाचे रेणू ओढून घेतो. भरलेल्या फुगल्या, रिकाम्या आक्रसल्या. मोजणी रंगांनी होते: पडद्यात एकमेकांना ऊर्जा देणारे दोन चमकरंग बसवायचे. पृष्ठभाग वाढला की रंग एकमेकांपासून दूर जातात आणि ऊर्जेची देवाणघेवाण घटते, पृष्ठभाग आक्रसला की वाढते. रंगवलेल्या पुटिका कधी भरलेल्या घ्यायच्या, कधी रिकाम्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताळा जुळतो. ज्याच्या आत जास्त आरएनए तो वाढतो, याचा अर्थ आरएनए लवकर वाढवणाऱ्या कुठल्याही क्रमाला आपोआप फायदा. डार्विनची स्पर्धा इथे कुठल्याही प्रथिनाविना, निव्वळ भौतिकीवर उभी राहिली. प्रयोगाची मर्यादा अशी की या स्पर्धेत आरएनएचा क्रम काय आहे याला काहीच महत्त्व नव्हतं.

आरएनएची बाजू

एन्झाइमविना नक्कल करण्याचं काम कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली ऑर्गेल यांच्या गटाने कित्येक वर्षं चालवलं होतं. फॉस्फेटला इमिडॅझोल जातीचा गट लावून सक्रिय केलेले न्यूक्लिओटाइड साच्यावर येऊन बसतात आणि शेजारच्या साखळीला जोडले जातात. सायटोसिनच्या साच्यावर त्याचं जोडीदार अक्षर ग्वानिन छान चढतं, मिश्र क्रमांवर गाडी रखडते. मॅग्नेशियम दोन्हीकडे हात मारतं: साखळीच्या टोकाच्या हायड्रॉक्सिल गटाला हल्ल्यासाठी तयार करतं, आणि फॉस्फेटांचे ऋणभार झाकतं. त्याची किंमतही घेतं. सामू ८ च्या आसपास एकेरी आरएनएची साखळी मॅग्नेशियममुळेच हळूहळू तुटत राहते.

पडद्याशी त्याचं वैर का, हे बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस का येत नाही यावरून लगेच कळेल, कारण रसायनशास्त्र तेच आहे. मेदाम्लाचा क्षार म्हणजे साबण. दोन धनभार असलेला आयन दोन कार्बोक्झिलेटांना (मेदाम्लाच्या ऋणभारित टोकांना) एकत्र बांधतो आणि न विरघळणारा क्षार खाली बसतो.

पेच सोडवण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग पडदा सोशिक करण्याचा. २००५ मध्ये मिरिस्टोलेइक आम्ल आणि त्याचा ग्लिसरॉल एस्टर २:१ प्रमाणात मिसळून केलेल्या पुटिकांनी सुमारे ४ मिलिमोलर मॅग्नेशियम सहन केलं, आणि आत कोंडलेला हातोडीच्या आकाराचा, स्वतःला कापणारा राइबोझाइम चाललाही. एस्टरला भार नसल्याने मॅग्नेशियमला पकडायला कार्बोक्झिलेट कमी मिळतात. पण ४ आणि ५० मध्ये फरक मोठा आहे.

दुसरा मार्ग मॅग्नेशियम टाळण्याचा. २००८ मध्ये शेरेफ मॅन्सी आणि सहकाऱ्यांनी आरएनएऐवजी हायड्रॉक्सिलच्या जागी अमिनो गट असलेले, जास्त क्रियाशील न्यूक्लिओटाइड घेतले. ते बाहेरून घातल्यावर पडदा ओलांडून आत गेले आणि साधारण एका दिवसात आतल्या सायटोसिनच्या साच्याची नक्कल झाली. पडद्याआड, बाहेरच्या अन्नावर नक्कल होऊ शकते हे सिद्ध झालं. मात्र ती साखळी आरएनए नव्हती, आणि असे न्यूक्लिओटाइड आदिम पृथ्वीवर कुठून आले असते याला चांगलं उत्तर नाही.

तिसरा मार्ग मॅग्नेशियमला आवरण्याचा. तो कॅटारझिना अदामाला यांनी पकडला. मॅग्नेशियमला बांधून ठेवणारे, पण पुरतं न गिळणारे रेणू हवे होते. ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन इतकं घट्ट बांधतं की आरएनएच्या वाट्याला काहीच उरत नाही, म्हणून तर अशा अभिक्रिया थांबवायला प्रयोगशाळेत तेच घालतात. सायट्रेटची पकड त्याच्या मानाने कितीतरी सैल आहे. मॅग्नेशियमच्या सहा जागांपैकी तीन सायट्रेट व्यापतं आणि उरलेल्या तीनवर पाणी राहतं, त्यामुळे आरएनएला हात घालायला वाव उरतो. मेदाम्लाच्या कार्बोक्झिलेटांची वाट मात्र सायट्रेटने आधीच अडवलेली असते. ५० मिलिमोलर मॅग्नेशियमसोबत २०० मिलिमोलर सायट्रेट, म्हणजे चौपट, हे प्रमाण पुढे या प्रयोगशाळेत जवळजवळ ठरूनच गेलं.

तीन गोष्टी एकदम जमल्या: पुटिका टिकल्या, नक्कल चालू राहिली आणि एकेरी आरएनएची मॅग्नेशियममुळे होणारी मोडतोडही कमी झाली. तिसरा फायदा हा वरकमाईचा होता.

पुन्हा करून पाहणाऱ्यासाठी दोन सूचना. सायट्रिक आम्ल थेट घातलं तर सामू कोसळतो, म्हणून सोडियमने उदासीन केलेलं सायट्रेट घ्यायचं, आणि मॅग्नेशियमच्या आधी. क्रम उलटला तर मधल्या काही सेकंदांत मोकळं मॅग्नेशियम पुटिका फोडून जातं. शिवाय एवढा क्षार नुसता बाहेरच घातला तर परासरणाने पुटिका चुरगळते, तेव्हा आत-बाहेरची एकूण तीव्रता जुळवून ठेवावी लागते. गळती तपासायला आतल्या आरएनएला चमकरंग लावून पुन्हा स्तंभातून न्यायचं: पुटिकेतला रंग लवकर उतरतो, सुटलेला उशिरा.

या कामातला सर्वांत मोलाचा भाग मात्र सायट्रेटचा नव्हे, असं आमचं मत आहे. सक्रिय न्यूक्लिओटाइड पाण्यात हळूहळू निष्क्रिय होतात. निष्क्रिय झालेले रेणू नुसते वाया जात नाहीत. साच्यावर ते तितक्याच सहज बसतात, जागा अडवतात आणि नक्कल मंदावते. उघड्या नळीत यावर उपाय नाही, कारण द्रावण बदलायला गेलं की आरएनएही जातो. पुटिकेत आरएनए आत कोंडलेला असतो आणि लहान रेणू ये-जा करतात. म्हणून बाहेरचं द्रावण सतत ताजं ठेवलं की शिळा माल आपोआप बाहेर पडतो आणि नवा आत येतो. अदामाला आणि शॉस्टॅक यांना अशा रीतीने नक्कल जास्त चांगली झालेली दिसली. तोवर पडदा ही आरएनएच्या रसायनशास्त्राला सांभाळून घ्यावी लागणारी कटकट होती, इथे त्यानेच ते सुधारलं. दोन्ही अर्धी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे घोटत बसलं असतं तर हे दिसलंच नसतं.

कुठे अडतं

२०० मिलिमोलर सायट्रेटचं डबकं आदिम पृथ्वीवर होतं असं मानायला आधार नाही. आजचं सायट्रेट पेशींच्या चयापचयातून येतं, आणि त्याचा एवढा साठा निर्जीव रसायनशास्त्रातून जमण्याचा मार्ग माहीत नाही. तेव्हा २०१३ चा निकाल एवढंच सांगतो की पडदा आणि आरएनए यांचं वैर मुळातून अटळ नाही. सायट्रेटचं काम दुसरं कोण करू शकेल, याचा शोध घ्यायला आजच्या पेशींत साखळीची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमकडे पाहणं वावगं नाही. तिथे मॅग्नेशियम ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या आम्लगटांनी धरून ठेवलेलं असतं. आम्लगट असलेला एखादा आखूड पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आरएनएजवळच मॅग्नेशियम धरून बसला तर द्रावणात इतकं मॅग्नेशियम लागणारच नाही.

पडद्याच्या बाजूनेही काम चालू आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत सुधा राजमणी यांच्या गटाने एकाच मेदाम्लाऐवजी त्याचे अल्कोहोल आणि ग्लिसरॉल एस्टर मिसळलेले पडदे वेगवेगळ्या परिस्थितींत तपासले, त्यात धातूंचे आयनही आले. मिश्र पडदे शुद्ध पडद्यांपेक्षा चिवट निघाले. आदिम पाण्यात एकाच लांबीचं शुद्ध मेदाम्ल असण्याची शक्यता तशीही नव्हती.

रासायनिक वेगाची बाजू २०१६-१७ मध्ये पुष्कळ सुधारली. दोन सक्रिय न्यूक्लिओटाइड इमिडॅझोलियमच्या पुलाने एकमेकांना जोडले जातात आणि हा जोडरेणूच साखळी वाढवतो, असं शॉस्टॅक गटाने दाखवलं. पूर्वीच्या २-मेथिलइमिडॅझोलऐवजी २-अमिनोइमिडॅझोल वापरलं की हा पूल जास्त जमतो आणि टिकतो, आणि मिश्र क्रमांची नक्कलही बरीच वेगवान होते.

दोन साखळ्या सुट्या करण्याचं मात्र जमत नव्हतं. नक्कल झालेली दुहेरी साखळी एवढ्या मॅग्नेशियममध्ये उकळत्या पाण्यातही सहज सुटत नाही, आणि सुटली तरी गार होताच पुन्हा चिकटते. चिकटायला मिनिटंही पुरतात, नक्कल करायला तास-दिवस लागतात. आर्जिनिनचे छोटे पेप्टाइड हे चिकटणं मंदावतात, असा दावा या गटाने २०१६ मध्ये केला होता. प्रयोगशाळेतल्याच नव्या संशोधिकेला तो प्रयोग पुन्हा जमेना, आणि २०१७ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. बाहेरच्या कुणी बोट दाखवण्याआधी आतूनच तपास झाला, हे नोंदवण्यासारखं आहे.

२०२१ मध्ये या गटाने वेगळा आराखडा मांडला. पूर्ण लांबीची साखळी कुठेच नसते. एका काल्पनिक वर्तुळाच्या दोन्ही बाजूंचे एकमेकांवर चढणारे आखूड तुकडे असतात, आणि ते जागा बदलत एकेक-दोनदोन न्यूक्लिओटाइडने वाढत राहतात. आखूड तुकडे सुटायला सोपे, आणि सुरुवात-शेवट नसल्यामुळे टोकाची नक्कल अर्धवट राहण्याचा प्रश्नही येत नाही. टेलोमिअरवर नाव कमावलेल्या माणसाने टोकंच नसलेला जीनोम (आनुवंशिक माहितीचा संच) सुचवावा, ही गंमतच. २०२२ मध्ये शॉस्टॅक शिकागो विद्यापीठात गेले आणि काम तिथे चालू राहिलं.

पुटिकेच्या दृष्टीने या आराखड्यात एक नवी खोट आहे. त्याला एकेका न्यूक्लिओटाइडबरोबर दोन-तीन न्यूक्लिओटाइडांचे सक्रिय तुकडेही लागतात. प्रत्येक जादा फॉस्फेटमागे एक ऋणभार वाढतो, आणि भार वाढला की मेदाम्लाचा पडदा ओलांडण्याचा वेग झपाट्याने घसरतो. एकेरी सक्रिय न्यूक्लिओटाइड बाहेरून भरवता येत होते ते त्यांचा भार कमी असल्यामुळेच. तुकडे आतच बनवायचे की ते आत येतील इतका पडदा सैल करायचा, हे ठरवावं लागेल, आणि पडदा सैल केला की आतला आखूड आरएनए बाहेर गळू लागतो.